चाचा, पुंड, सरखेल

१७३७ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघालं. हिंदुस्थानातल्या लढायांचा संक्षिप्त इतिहास असं त्याचं ऐसपैस नाव, आणि त्या नावातच पुढे ‘अँग्रिया द पायरेट’ याचा उदय, बळ आणि फौज यांची हकीकत सांगण्याचा वायदा. लेखक क्लेमंट डाऊनिंग आरमारात नोकरी केलेला, अलिबागेसमोरच्या मोहिमांत स्वतः हजर असलेला. पुस्तक निघालं तेव्हा कान्होजी आंगऱ्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. पण इंग्रजांच्या लेखी अँग्रिया मेला नव्हता, कारण ते एका माणसाचं नाव राहिलंच नव्हतं. सेखोजी, संभाजी, तुळाजी, जो मुलगा गादीवर येईल तो अँग्रिया. आडनावाची पदवी झाली आणि पदवीला कायमचं शेपूट चिकटलं: पायरेट. मराठीत आपण त्याला चाचा म्हणतो.

इंग्रजीचा समानार्थी कोश उघडावा, तर सरकारी गणवेश न घालता लढणाऱ्या माणसांसाठी शब्दांची जत्रा भरलेली दिसते. पाण्यावरचे वेगळे, जमिनीवरचे वेगळे. पायरेट, कॉर्सेअर, फ्रीबूटर, प्रायव्हेटिअर. इकडे गेरिला, पार्टिझन, इर्रेग्युलर, इन्सर्जंट. कोश त्यांना एका ओळीत मांडतो, जणू कुठलाही उचला नि कुठेही ठेवा. मी भाषांतराचं काम करणारा माणूस. अशा ओळीतून एक शब्द उचलावा लागतो तेव्हा माझा हात अडखळतो, आणि त्याला कारण माझा मुलूख आहे. मांडव्यापासून खाली मुरूडपर्यंतच्या या किनाऱ्यावर यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दापायी कुणाचं ना कुणाचं गलबत बुडालेलं आहे किंवा कुणीतरी फासावर, काळ्या पाण्यावर गेलेलं आहे.

कुलाब्याचा किल्ला अलिबागेच्या काळसर वाळूसमोर समुद्रात बसलेला आहे. तिकडे पायी जायचं तर पंचांग बघावं लागतं. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हाती येते. अष्टमीला सहा वाजता भरती, पण तेव्हा भांग असते, पाणी फार मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती साडेअकराच्या पुढेमागे, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. तेव्हा खडकाळ तळावरून घोटाभर पाण्यात चालत किल्ल्याच्या दरवाजाशी पोचता येतं. आत गोड्या पाण्याचा तलाव, विहीर, राघोजी आंगऱ्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ. तटावर दोन तोफा लोखंडी गाड्यावर ठेवलेल्या. येणारा प्रत्येक जण त्यांच्या नळीवर हात टाकून फोटो काढतो, ‘आंगऱ्यांच्या तोफा’ म्हणून. नीट वाकून बघितलं तर त्यांच्या अंगावर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ हे साल ओतलेलं आहे. आंगऱ्यांचं संस्थान त्याच्या आधीच, १८४० च्या सुमारास, कंपनीने खालसा केलं होतं. तोफा मागाहून आल्या.

तिथे माहिती सांगणारी पोरं असतात. त्यातला एक जण एका हौशी कुटुंबाला सांगत होता, “आंगरे म्हणजे आपले इंडियन पायरेट्स.” बरोबरच्या मुलाचे डोळे लकाकले. त्याला सिनेमातला काळी पट्टी बांधलेला, कमरेला पिस्तूल खोचलेला माणूस दिसला असणार. वडिलांनी घाईघाईने दुरुस्ती केली, “पायरेट नाही रे, ॲडमिरल!” पोराचा चेहरा लगेच पडला. मला हसू आलं. शिवी म्हणून घातलेला शब्द अडीचशे-तीनशे वर्षांत मुलांच्या खेळातला पोशाख होऊन बसला होता, आणि बचावासाठी वडिलांनी उचललेला शब्दही उसनाच. मूळ अरबी अमीरवरून युरोपात गेलेला. कान्होजींच्या शिक्क्यात सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, असं स्वच्छ कोरलेलं आहे. बापलेकांपैकी कुणालाच तो शब्द आठवला नाही, आणि सांगणाऱ्या पोरालाही नाही.

आता इंग्रजांचा चाचा नेमकं काय करत होता ते बघू. तो दस्तक देत होता. या पाण्यातून जहाज न्यायचं तर आंगऱ्यांचं दस्तक घ्या, जकात भरा. नसेल तर जहाज अडवलं जाईल. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत आले होते, त्यांच्या दस्तकाला कार्ताझ म्हणत. इंग्रज स्वतः हिंदी व्यापाऱ्यांच्या जहाजांना पास देत. मुरूडसमोर जंजिऱ्याला बसलेला सिद्दी तर याच किनाऱ्यावरची गावं लुटायचा. पण त्याच्याकडे औरंगजेबाची सनद, म्हणून इंग्रजी कागदात तो मोगलांचा आरमारप्रमुख. रेवदंड्याच्या कोळ्याचं घर सिद्दीच्या माणसाने जाळलं काय नि आणखी कुणी जाळलं काय, शाकारणी पुन्हा त्यालाच करावी लागे. कागदावरचा फरक फक्त सनदेचा होता.

या सनदेची गंमत इंग्रजांना ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. १६९६ साली कॅप्टन किड सरकारी परवाना घेऊन हिंदी महासागराकडे निघाला, तोही चाच्यांना पकडायला. परवाना असेतो तो प्रायव्हेटिअर. १६९८ च्या जानेवारीत त्याने मलबारच्या पाण्यात एक श्रीमंत जहाज धरलं, बोभाटा झाला, आणि १७०१ साली लंडनला त्याला चाचा म्हणून लटकवला. माणूस तोच, कागद फिरला.

आणखी एक मासला सांगतो, तो मला फार आवडतो. १७१२ च्या नोव्हेंबरात कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नर एस्लाबीची सशस्त्र नौका धरली. कारवारच्या वखारीचा नेमलेला मुख्याधिकारी त्या चकमकीत मेला, त्याची बायको कैद झाली आणि पुढल्या वर्षी ३०,००० रुपये दंड भरून सुटली. मुंबईत चाच्याच्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं. त्या नौकेचं नाव होतं ‘अल्जेरीन’. अल्जेरीन म्हणजे अल्जियर्सचा, आणि त्या काळच्या युरोपात अल्जियर्स प्रसिद्ध होतं ते समुद्रावरच्या लुटारूंसाठी! गव्हर्नरसाहेबांनी आपल्या सरकारी नौकेला हौसेने चाच्याचं नाव ठेवलं होतं. आपल्या गोठ्यात असला की तोच शब्द शौर्याचा दागिना होतो.

मराठी कागदसुद्धा काही फार निराळे नव्हते, हेही इथेच सांगून टाकावं. कान्होजी आधी ताराबाईंच्या बाजूचे. साताऱ्याच्या दृष्टीने तेव्हा ते वाट चुकलेले सरदार होते. १७१३ साली शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद करून ठेवलं. मग बाळाजी विश्वनाथ आले, बोलणी झाली, किल्ले वाटून घेतले आणि कान्होजी शाहूंचे सरखेल झाले. आरमार तेच, दर्या तोच. बोलणी फिसकटली असती तर आपल्या बखरींनी त्यांना कुठला शब्द दिला असता याचा अंदाज करता येतो. पुंड हा शब्द तयारच होता. पुंडपाळेगार म्हटलं की पुढे काही सांगायची गरज उरत नसे.

१७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर मोहीम केली, फसली. १७२१ च्या अखेरीस पोर्तुगिजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चालून आले, तीही फसली. लढाईत जमलं नाही तेव्हा पत्रव्यवहार झाला, आणि १७२४ साली गव्हर्नर फिप्सला कान्होजींनी पाठवलेलं एक उत्तर इंग्रजी तर्जुम्याच्या रूपाने टिकून आहे. फिप्सने लूटमार आणि जुलूम यांवर उभं राहिलेलं राज्य असा टोला हाणला होता. कान्होजींचं उत्तर थंड डोक्याचं आहे. त्याचा मतलब असा: दुसऱ्याचं आपलं व्हावं ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली मला दिसत नाही, देव आकाशातून कुणाला काही देत नाही, एकाचं काढून दुसऱ्याला देतो, आणि ते बरं की वाईट हे ठरवणार कोण? थोरल्या महाराजांनी चार पातशाह्यांशी झुंजून राज्य उभं केलं तसंच आमचं. व्यापाऱ्यांनी आम्हाला जुलमाचे पाठ देऊ नयेत. आपल्यावर डकवलेल्या शब्दाला त्या शब्दाच्या मालकासमोर ठेवून इतका नेटका जाब विचारलेला मी दुसरा वाचलेला नाही. चाचे असली पत्रं लिहीत बसत नाहीत.

खरे चाचे त्यांच्या पदरी नव्हतेच असं मात्र कुणी म्हणू नये. मादागास्करला स्वतःला राजा म्हणवून घेणारा प्लांटेन नावाचा जमैकाचा चाचा पुढे आंगऱ्यांकडे येऊन राहिल्याचं डाऊनिंगच सांगतो. दर्यावरच्या कामाला दर्यावरची माणसं लागतात, आणि त्यांचं पूर्वचरित्र तपासत बसायला कुणालाच सवड नसते. इंग्रजांनाही नव्हती.

थळच्या बंदरावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात, जवळचं उंदेरी आणि पलीकडचं खांदेरी. वाळूवर काठ्यांना बोंबील टांगलेले, खाली फडक्यावर जवळा पसरलेला, आणि वाऱ्याबरोबर तो वास गावात शिरत असतो. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला थोडक्या माणसांनिशी खांदेरीवर उतरवलं आणि तट चढू लागला. मुंबई बंदराच्या तोंडावरच हा किल्ला, म्हणून इंग्रज हादरले. त्यांनी ‘रिव्हेंज’, ‘हंटर’ अशी मोठी जहाजं आणून वेढा घातला. उंच डोलकाठ्या, जड तोफा, सगळं कसं शिस्तीत. अडचण एकच होती, वारा पडला की ती जहाजं जागच्या जागी डुलत राहत. आणि मराठ्यांची छोटी गलबतं वल्ह्यांवर चालत. अंधार पडला, वारा थांबला की ती नागाव-थळच्या बाजूने निघत, खडकांच्या आडोशाने, दोन मोठ्या जहाजांच्या मधून. दगड, चुना, दाणागोटा, माणसं खांदेरीवर उतरवून पहाटेच्या आत परत. सकाळी इंग्रज बघतात तो तट हातभर वर आलेला. ऑक्टोबरात मराठी गलबतांचा थवा चालून आला तेव्हा मोठी झुंज झाली, ‘रिव्हेंज’ने नेट धरला, पण ‘डव्ह’ नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांनी माणसांसकट पकडून नेली. पुढल्या जानेवारीत इंग्रजांनी तह केला. किल्ला उभा राहिला तो राहिलाच. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात रायगडाच्या बरोबरीने खांदेरीचं नाव आहे.

मोठ्या जहाजांच्या मधून रात्रीची रसद पोचवण्याच्या या कलेला जमिनीवर आपण गनिमी कावा म्हणतो. हा शब्दप्रयोग जितका अभिमानाने उच्चारला जातो तितका उलगडून बघितला जात नाही. गनीम म्हणजे शत्रू, लुटीवर डोळा असणारा. मोगलांच्या तवारिखांत मराठे म्हणजे गनीम. कावा म्हणजे घोड्याला वर्तुळात फिरवणं, झुकांडी देणं. म्हणजे शत्रूने आपल्याला दिलेली शिवी आपण उचलली, धुऊनपुसून घेतली आणि आपल्याच युद्धकलेच्या दारावर पाटी म्हणून लावली. मराठी पत्रांत दिल्ली-विजापूरकडचा शत्रूही गनीमच असे. दोन्हीकडे गनीमच, आणि तरी कावा मात्र आपला ठरला!

गेरिला हा शब्द त्या मानाने पोरसवदा. स्पॅनिश भाषेत गेरा म्हणजे युद्ध आणि गेरिया म्हणजे छोटं युद्ध. ते लढणारा गेरियेरो. १८०८ नंतर स्पेनची शेतकरी माणसं नेपोलियनच्या फौजांना डोंगरखिंडींत गाठू लागली, आणि वेलिंग्टनच्या १८०९ च्या खलित्यातून हा शब्द इंग्रजीत शिरला. शिरताना युद्धाचा शब्द माणसाला चिकटला, तो चिकटलाच. हा वेलिंग्टन म्हणजे आपला आर्थर वेलस्ली, १८०३ साली असईची लढाई जिंकलेला. इकडे दख्खनेत असताना घोड्यावर येऊन, झोडपून, नाहीशा होणाऱ्या माणसांना त्याच्या बाजूचे कागद फ्रीबूटर, लुटारू म्हणत होते. तिकडे स्पेनमध्ये तीच माणसं इंग्रजांच्या बाजूने झोडपून नाहीशी होऊ लागली, तेव्हा त्यांना नवा, परका, जरा रुबाबदार शब्द मिळाला. आपल्याकडे येईतो त्या शब्दाची आणखी एक दशा व्हायची होती. मराठी छापखान्यांतून तो कित्येकदा ‘गोरिला युद्ध’ म्हणून बाहेर पडला, आणि शाळकरी वाचक जंगलातल्या माकडांची फौज डोळ्यासमोर आणून खूश झाले.

इर्रेग्युलर या शब्दाची तर थेट आपल्या घोडदळाशी सोयरीक आहे. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार आणून चाकरी करणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पेशवाई बुडताना, १८१७ साली, कंपनीने पुण्याला अशाच स्वारांचं पथक उभं केलं, पुढे त्याचं नाव पूना इर्रेग्युलर हॉर्स. कालपर्यंत लुटारू म्हणून ज्यांच्यावर तोफा रोखल्या, ते कंपनीचा पगार घेऊ लागल्यावर निव्वळ अनियमित ठरले. शिलेदारी पद्धत तर ब्रिटिश फौजेने नावासकट उचलली. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी रिसाल्यांत ‘सिलादार’ पलटणी होत्या. बारगिराचं नशीब उलटं. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या, आणि तिकडच्या अंगाईगीतात ‘बर्गी’ आला तो मुलांना भीती घालायला. आपल्याकडच्या एका पगारी घोडेस्वाराचं नाव ऐकून बंगालमधली बाळं अजून डोळे मिटून घेतात, हे आपण पोवाडे ऐकताना लक्षात ठेवलेलं बरं.

शब्द आता असे गुळगुळीत झालेत की काय विचारता! शिलेदार म्हणजे क्रिकेट संघातला फलंदाज. मावळा म्हणजे गाडीच्या मागच्या काचेवरचं स्टिकर. बंडखोर म्हणजे तिकीट कापलं गेलेला इच्छुक उमेदवार. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंडोबाचा थंडोबा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच मथळ्याखाली त्याचा हसरा फोटो छापून येतो.

बंड हा शब्द इतका स्वस्त नव्हता. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. १८७९ साली त्यांनी रामोशी जमवले आणि सावकारांवर दरोडे घालून बंडासाठी पैसा उभा करायला सुरुवात केली. त्या मे महिन्यात त्यांच्या दौलतराव नाइकाने घाट उतरून पळस्पे आणि चिखलीवर धाड घातली. पळस्पे म्हणजे शिरढोणच्या अगदी शेजारचं गाव. जुलैत फडके पकडले गेले, खटला झाला, सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली. आरोप दोन जातीचे होते: राणीसरकारविरुद्ध युद्ध आणि दरोडा. तेव्हाच्या दंडविधानात दरोड्याची व्याख्या मोठी हिशेबी होती, पाच किंवा जास्त माणसांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा. चौघांनी केली तर नाही. त्यासाठी इंग्रजीने शब्दही इथूनच नेला, डकैतचा डेकॉइट. पण मला त्या खटल्यात महत्त्वाचं वाटतं ते दोन्ही आरोपांचं एकत्र असणं. फडक्यांना नुसता दरोडेखोर म्हणून भागलं असतं तर युद्धाचं कलम कशाला लावलं? सरकारलाही आतून ठाऊक होतं की या शब्दात हा माणूस मावत नाही. एडनच्या तुरुंगात, १८८३ च्या फेब्रुवारीत, ते गेले.

पळस्प्याच्या ज्या घरातली तिजोरी त्या रात्री फुटली, त्या घरातल्या बाईने त्यांना काय म्हटलं असेल? तिच्या तोंडचा शब्द कुठल्याच दप्तरात नाही. मी फडक्यांच्या शिरढोणच्या स्मारकाशी हात जोडतो आणि तरीही मला ती बाई आठवते.

आता या जिल्ह्यातली दोन माणसं शेजारी शेजारी ठेवून बघा. एक माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, भाई कोतवाल. न्हाव्याच्या घरात जन्मले, वकील झाले, कर्जतच्या बाजूला शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या चालवल्या. १९४२ च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभारला. खोपोली-भिवपुरीकडून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाते ते मनोरे रात्री पाडायचे आणि डोंगरात शिरायचं, हे दस्त्याचं काम. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच गेले. सरकारी भाषेत ही घातपाती टोळी होती.

दुसरे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे चालून गेले, हातबॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या, बंदूक भरायला सवड नव्हती म्हणून ती नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीसेक. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्याच वेळी इटलीच्या त्या डोंगरांत शेतकरी, शिक्षक, कामगार रात्री तारा तोडत होते, पूल उडवत होते, जर्मनांच्या रसदी कापत होते. ब्रिटिश सरकार त्यांना विमानातून शस्त्रं टाकत होतं. त्यांना शब्द होता पार्टिझन, आणि तो आदराने उच्चारला जात होता. वर्ष-दीड वर्षापूर्वी त्याच सरकारच्या पोलिसांनी कर्जतच्या डोंगरातल्या तारा तोडणाऱ्यांना सिद्धगडावर गोळ्या घातल्या होत्या.

घाडगे आणि कोतवाल यांची कधी भेट झाली नसावी. पण एक पलटणीत, दुसरा दस्त्यात, दोघेही एकाच साम्राज्याच्या कागदांत नोंदले गेले, आणि त्या कागदांना दोन भाषा होत्या.

म्हणून सगळे शब्द सारखेच आणि सगळे लढवय्ये सारखेच, असा निष्कर्ष मी काढत नाही. तो आळशीपणा आहे. लुटारू असतात, आणि त्यांना लुटारूच म्हणावं. पेंढाऱ्यांनी जाळलेल्या गावांना त्यांच्यात क्रांती दिसली नव्हती. मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे आणि ती आंगऱ्यांच्याच दप्तरातून घेतली आहे: घेतलेल्या मालाची पावती मिळते का? कान्होजींकडे दस्तक होतं, शिक्का होता, जकातीचे दर होते, अलिबागी रुपया पाडणारी टांकसाळ होती, आणि ज्याने जकात भरली त्याचं जहाज दुसऱ्या कुणी अडवलं तर त्याच्यामागे उभं राहण्याची जबाबदारी होती. खरा चाचा पावती देत नाही, कारण उद्या तो तुमच्यासमोर उत्तर द्यायला हजर असेलच याची त्यालाही खात्री नसते. कसोटी अपुरी आहे. फडक्यांना ती नीट लागू पडत नाही, कोतवालांना जेमतेम. पण कोशातल्या ओळीपेक्षा बरी.

मुंबईच्या ज्या बॉम्बे कॅसलमध्ये बसून गव्हर्नर लोक अँग्रियाच्या नावाने खलिते लिहीत, तिथे आज भारतीय नौदलाचं ठाणं आहे. १५ सप्टेंबर १९५१ पासून त्याचं नाव आय. एन. एस. आंग्रे, आणि कान्होजींचा पुतळा तिथेच उभा आहे. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे, किनाऱ्याकडे धावणाऱ्या गाड्या सहसा तिथे थांबत नाहीत.

मराठीत बातम्या लिहिणाऱ्यांना, भाषांतरं करणाऱ्यांना आणि किल्ल्यावर माहिती सांगणाऱ्या पोरांना एक विनंती आहे. जगातल्या कुठल्या डोंगरातल्या वा दर्यावरच्या टोळीबद्दल सांगताना वृत्तसंस्थेकडून आलेला शब्द तसाच उचलू नका. अर्धी ओळ जास्त खर्च करा: ही माणसं कुठली, कुणाविरुद्ध उभी आहेत, रसद कुणाकडून घेतात आणि त्याचा जाब कुणाला देतात. आंगऱ्यांच्या बाबतीत तर तेवढी शोधाशोधही नको. सरखेल हा शब्द शिक्क्यासकट कागदावर आहे, तोच वापरा.